झडप तीच, आकडा वेगळा

"मॅडम, मागच्या वर्षी चार होतं, आता साडेतीन आलंय. म्हणजे झडप सुधारली ना?"

ध्वनिलहरींनी हृदयाचे एको आणि रक्तवाहिन्यांचे डॉपलर करणाऱ्या तंत्रज्ञांच्या टीमचं काम मी बघते. हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत आशा असते. हा आकडा म्हणजे झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग, सेकंदाला इतके मीटर; झडप जितकी आखडलेली तितका तो जास्त. पण महाधमनीची आखडलेली झडप आपोआप मोकळी होत नाही. मग आकडा उतरला कसा?

यासाठी डॉपलर मुळातून समजून घ्यायला हवा. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की स्वर उतरतो, हे शाळेत आपण शिकलेलो असतो. ख्रिश्चन डॉपलरने १८४२ मध्ये प्रागला हे तत्त्व मांडलं ते ताऱ्यांच्या रंगांसाठी. ताऱ्यांच्या रंगांबद्दलचा त्याचा तर्क चुकला, तत्त्व मात्र टिकलं. आमच्याकडे गाडीच्या जागी रक्तपेशी असतात. प्रोबमधून, म्हणजे अंगावर टेकवायच्या उपकरणातून, सेकंदाला २० लाख कंपनांचा ध्वनी आत जातो. शरीरात तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने धावतो, पेशींवर आपटतो आणि परततो. धावती पेशी आधी ऐकणारी असते, मग तीच वाजणारी होते, म्हणून बदल दुप्पट होतो. रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने प्रोबकडे येत असेल तर परतलेल्या ध्वनीत सुमारे १०,४०० कंपनं जास्त भरतात.

ही वाढ माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या पट्ट्यात बसते, ही मला या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तपासणीच्या वेळी मशीनमधून जो 'हुश्श, हुश्श' आवाज येतो तो रक्ताचा किंवा हृदयाचा आवाज नव्हे. पाठवलेल्या आणि परतलेल्या ध्वनीची ती वजाबाकी आहे. वेग वाढला की ती शिट्टीसारखी टोकदार होते. अनुभवी तंत्रज्ञ पडद्याकडे बघण्याआधी कानाने ओळखतो की झडपेतून उसळणारा रक्ताचा झोत सापडला.

आता कोन, म्हणजे प्रोबची दिशा आणि रक्ताची दिशा यांच्यातला. प्रोबला फक्त स्वतःच्या दिशेने येणारा वेग कळतो, म्हणजे खऱ्या वेगाला कोनाच्या कोसाइनने गुणून जे उरतं तेवढाच. कोन २० अंशांचा असेल तर ६ टक्के वेग हरवतो. ३० अंशांना ४ मीटरचे साडेतीन होतात. पुढे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक काढताना वेगाचा वर्ग करून ४ने गुणतात: ४ मीटरला ६४ मिलिमीटर पारा, साडेतीनला ४९. वर्गामुळे छोटी चूक फुगते. ४ मीटर ही झडप गंभीर आखडल्याची रेषा मानतात, त्यामुळे रुग्ण एका हाताखाली रेषेच्या पलीकडे आणि दुसऱ्या हाताखाली अलीकडे पडतो. हृदयच थकलं असेल तरी वेग उतरतो, तेव्हा कमी आकडा ही चांगली बातमी असेलच असं नाही.

कोनाच्या चुकीने इथे आकडा फक्त कमी येऊ शकतो, जास्त नाही. म्हणून नियम असा की झोत अनेक जागांवरून शोधायचा आणि सर्वांत मोठा स्वच्छ आकडा धरायचा. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून छातीच्या हाडाच्या उजवीकडून पेन्सिलसारख्या बारीक प्रोबने बघितलं की कित्येकदा सर्वांत मोठा वेग तिथेच मिळतो.

मानेतल्या धमनीचा प्रश्न वेगळा. ती त्वचेला समांतर धावते, त्यामुळे कोन शून्य करता येत नाही. तो किती आहे हे तंत्रज्ञ पडद्यावर रेघ फिरवून मशीनला सांगतो, आणि मशीन ते खरं मानून वेग दुरुस्त करतं. खरा कोन ५५ असताना ६० सांगितला, तर सेकंदाला ११० सेंटिमीटरचा वेग १२६ दिसतो. १२५ च्या पुढे निम्मा किंवा जास्त अडथळा असल्याची शंका घेतात. पाच अंशांत निरोगी माणूस संशयित ठरतो.

  

माझं काम या कोनांभोवती फिरतं. उजव्या बाजूची तपासणी दहा मिनिटं जास्त घेते. यादी गच्च भरली की पहिल्यांदा तीच गळते, म्हणून अशा रुग्णाला मी मोठी वेळ देते. मधेच पायाच्या शिरेत गुठळी असल्याच्या संशयाचा तातडीचा रुग्ण येतो; तिथे प्रोबने शीर दाबायची, ती चपटी झाली नाही तर आत गुठळी आहे. ते थांबवता येत नाही, यादी पुढे ढकलावीच लागते. प्रोब दाबून धरून बहुतेक तंत्रज्ञांचे खांदे-मनगटं दुखतात आणि दुखरा हात कोन शोधण्याचा हट्ट लवकर सोडतो, त्यामुळे एकाच हाताला सलग अवघड एको देत नाही. आठवड्यातून एकदा दोघंजण एकमेकांचे आकडे न बघता एकच रुग्ण मोजतात. फरक पडला की तिघं मिळून पुन्हा प्रोब ठेवतो.

साडेतीनवाल्या काकांना त्याच दिवशी उजव्या कुशीवर वळवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधे प्रोब किंचित तिरका केला, आणि घोगरा आवाज एकदम चिरका झाला. ४.२. त्यांच्या मुलीला कोनाची गोष्ट कागदावर त्रिकोण काढून सांगितली. आता आम्ही आकड्याशेजारी तो कुठून मिळाला हेही लिहितो, म्हणजे पुढच्या वर्षी ज्याच्या हातात प्रोब असेल तो उजवीकडून बघायला विसरणार नाही.