कोपर बसलं, पण टिकेल का?

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीवरून घसरलेला माणूस असो, नाहीतर सांगलीत कृष्णेच्या घाटावर शेवाळावरून पाय सटकलेला, दोघंही पडताना हातच टेकतात. कोपर निखळतं, कुणीतरी ओढून बसवतं, कळ थांबते आणि एक्स-रे राहून जातो. नुसताच सांधा निखळला असेल, तर नीट बसवून थोडे दिवस आधार दिला की बहुतेकदा भागतं. सोबत हाडं मोडली असतील तर नाही भागत.

तळवा जमिनीला रोवलेला असतो, अंग मात्र वरून फिरतच राहतं. कोपराच्या बाहेरच्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, आधी दंडाच्या हाडापासून उपटतो, मग सांध्याचं वेष्टण फाटतं. आतल्या बाजूच्या लिगामेंटची पाळी शेवटी. मागे सरकताना रेडियसचं (हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं फुटतं आणि अल्नाचं (करंगळीकडच्या हाडाचं) पुढचं चोचीसारखं टोक, म्हणजे कोरोनॉइड, उडतं. निखळणं आणि ही दोन फ्रॅक्चर मिळून होणाऱ्या दुखापतीला अस्थिशल्यचिकित्सक हॉचकिस यांनी 1996 मध्ये 'टेरिबल ट्रायड', म्हणजे भयंकर त्रिकूट, म्हटलं.

एक्स-रेत कोरोनॉइडचा तुकडा एवढासा दिसतो. 'कपची उडालीय' म्हणून तो सोडून देऊ नये. खंबाटकी घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावतात, तसा हा दगड आहे. तो निघाला की कोपर मागे घसरतं. रेडियसचं डोकं दुसरा दगड. म्हणूनच या दुखापतीत ते नुसतं काढून टाकणं चूक.

आधी नाडी आणि करंगळीची संवेदना तपासायची, मग भूल देऊन सांधा बसवायचा, पुन्हा नाडी बघायची आणि सीटी स्कॅन करायचा. ऑपरेशन खोलातून वर अशा क्रमानं करतात. कोरोनॉइडचा मोठा तुकडा स्क्रूनं, लहान असेल तर अल्नात दोन भोकं पाडून दोऱ्यानं बांधतात. रेडियसच्या डोक्याचे दोन-तीन तुकडे असतील तर स्क्रू, चुरा झाला असेल तर धातूचं डोकं. ते 2-3 मिलिमीटर जास्त उंच बसलं तरी समोरच्या हाडावरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत आवरण, झिजते, कोपर आखडतं. शेवटी बाहेरचा लिगामेंट मूळ जागी अँकरनं (हाडात रुतवलेल्या, दोरा जोडलेल्या खुंटीनं) शिवतात. मग सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्राखाली, हात सरळ करून बघायचा. अजूनही सटकत असेल तर आतला लिगामेंट शिवायचा, नाहीतर बाहेरून बिजागरीचा फिक्सेटर (हाडांना बाहेरून धरणारी चौकट) लावायचा.

हाडवैद्याकडं तेल लावून चोळून घेणं इथं घातकच. मार बसलेल्या स्नायूत हाड धरायला लागतं आणि कोपर कायमचं अडकू शकतं. प्लास्टरही तीन आठवड्यांपुढे नको.

पक्कं ऑपरेशन झालं असेल तर साधारण आठ-दहा दिवसांत हालचाल सुरू होते. पाठीवर झोपून दंड छताकडे उभा धरायचा आणि कोपर वाकवायचं-सोडायचं. या स्थितीत हाताचं वजनच सांधा जागेवर दाबून धरतं. शेवटचे 30 अंश सरळ करायची घाई नको. कोपर अंगापासून बाजूला नेऊन पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू नये, कारण त्यानं शिवलेल्या लिगामेंटवरच ताण येतो. 30 ते 130 अंश हालचाल मिळाली की भाकरी खाणं, अंघोळ, शर्टाची बटणं बहुतेक निभतं. हात शेवटचे थोडे अंश सरळ न होणं मात्र बऱ्याच जणांत राहतं, आणि हे ऑपरेशनआधीच पेशंटला सांगायला हवं.