आंबेडकरांचा ‘मुंबई शहर उत्तर’ आणि मेनन यांचा ‘मुंबई शहर उत्तर’

निवडणुका जवळ आल्या की एक मजकूर मोबाइलवर हमखास फिरतो: बाबासाहेब आंबेडकर मुंबईत कुठून हरले? कुणी ‘उत्तर मध्य’ लिहितं, कुणी ‘मुंबई उत्तर’, आणि एखादा अतिउत्साही तर तिथूनच पुढे कृष्ण मेनन निवडून आले अशी जोडही देतो. या शेवटच्या गफलतीला मात्र कारण आहे. १९५२च्या यादीत आंबेडकरांच्या नावापुढे ‘मुंबई शहर उत्तर’ असं आहे आणि १९५७च्या यादीत मेनन यांच्या नावापुढेही तेच. पाटी एकच, पण जमीन वेगळी, मतदार वेगळे, निवडून द्यायच्या खासदारांची संख्यासुद्धा वेगळी.

१९५२मध्ये मुंबईचे तीन मतदारसंघ होते. दक्षिणेत स. का. पाटील निवडून आले, उपनगरात जयश्री रायजी. ‘मुंबई शहर उत्तर’ हा मधला. उपनगरं वेगळी काढलेली असल्यामुळे इथला उत्तर म्हणजे जुन्या बेटावरच्या शहराचा उत्तर भाग, परळ-दादरचा चाळींचा आणि गिरण्यांच्या भोंग्यांचा इलाखा. शिवाय तो द्विसदस्य होता. म्हणजे एका मतदारसंघातून दोन खासदार, त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेच्या उमेदवाराला फक्त दलितांनी नव्हे, सगळ्याच मतदारांनी मतं द्यायची.

त्यामुळे ‘दुसरं मत कुणाला’ हा प्रश्न जीवघेणा व्हायचा. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवाद्यांशी समझोता केला होता आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता होते. कम्युनिस्टांचे डांगे त्याच रिंगणात वेगळे उभे. विरोधकांची मतं अशी विभागली गेली आणि काँग्रेसने दोन्ही जागा नेल्या: विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेवर नारायण सदोबा काजरोळकर. काजरोळकरांनी आंबेडकरांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी मागे टाकलं. मतं वाया घालवायचा प्रचार झाला, अशी तक्रार करत आंबेडकर आणि मेहता यांनी निकालाविरुद्ध निवडणूक याचिकाही केली. उपयोग झाला नाही.

गोष्ट इथेच संपते असं बहुतेकांना वाटतं. खरं तर इथून पुढचा भाग जास्त वाचण्यासारखा आहे, आणि पाटी हलल्यामुळे तोच नजरेआड राहतो. १९५७ साठी मतदारसंघांची फेररचना झाली. त्याच वर्षी पालिकेची हद्दही दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. गिरणगावच्या पट्ट्याला नवं नाव मिळालं, ‘मुंबई शहर मध्य’, आणि द्विसदस्य पद्धत तिथे कायम राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत तिथून कोण आलं? सर्वसाधारण जागेवर डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे जी. के. माने. बाबासाहेब डिसेंबर १९५६मध्ये गेले; त्यानंतर काही महिन्यांतच त्यांच्या पक्षाचा माणूस त्याच गिरणगावातून लोकसभेत गेला. १९५२मध्ये एकमेकांविरुद्ध लढलेले कम्युनिस्ट आणि फेडरेशन आता संयुक्त महाराष्ट्र समितीत एका बाजूला होते, आणि दुसऱ्या मताची कोंडी सुटली. आंबेडकरांचा पराभव सगळ्यांना पाठ, मान्यांचा विजय कुणालाच आठवत नाही, याला माझ्या मते ही यादीतली नावंही थोडी जबाबदार आहेत.

तिकडे ‘मुंबई शहर उत्तर’ ही मोकळी झालेली पाटी उपनगरांवर लागली. हा मेनन यांचा मतदारसंघ: एकसदस्य, कुठलीही जागा राखीव नाही, बहुभाषक वस्ती. मेनन केरळचे, काँग्रेसचे उमेदवार. समितीच्या वादळातही ते १९५७मध्ये निवडून आले आणि संरक्षणमंत्री झाले. १९६२ची आचार्य कृपलानींबरोबरची लढत देशभर गाजली. नेहरूंनी प्रतिष्ठा पणाला लावली आणि मेनन यांनी जवळपास दुप्पट मतं घेतली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत चीनचं युद्ध झालं आणि मंत्रिपद गेलं.

१९६७मध्ये हा उत्तरही फुटला: ईशान्य आणि वायव्य असे दोन तुकडे. काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारलं, ते ईशान्येतून अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे लगेचच वारले. पोटनिवडणुकीत त्यांची बहीण तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं. १९७७मध्ये मृणाल गोरे जिंकल्या तो ‘मुंबई उत्तर’ आणि आजचा ‘मुंबई उत्तर’ या दोन्हींचा आंबेडकरांच्या लढतीशी काडीचा संबंध नाही.

गिरणगावाकडे १९६१च्या कायद्याने द्विसदस्य पद्धत बंद झाली आणि ‘मध्य’चे ‘मध्य दक्षिण’ व ‘मध्य उत्तर’ झाले. १९६२मध्ये तिथून निवडून आले ते गांधी आणि काजरोळकर, म्हणजे १९५२ची तीच जोडी, फक्त आता वेगवेगळ्या मतदारसंघांतून. आजच्या हिशेबात वरळी, शिवडी, भायखळा ‘मुंबई दक्षिण’मध्ये आहेत, तर माहीम, वडाळा, धारावी ‘दक्षिण मध्य’मध्ये. आज मुंबईच्या सहापैकी लोकसभेची एकही जागा राखीव नाही.

जुनी यादी हातात आली तर ‘उत्तर’ या शब्दावर विसंबू नका, शेजारची नावं बघा. सोबत ‘उपनगर’ दिसलं तर वर्ष १९५२ आणि हा उत्तर गिरण्यांचा. ‘मध्य’ दिसलं तर १९५७, ‘मध्य दक्षिण’ आणि ‘मध्य उत्तर’ दिसले तर १९६२. या दोन्ही वर्षी उत्तर मेनन यांचा.