टेंडरनेस : कोवळीक, माया आणि दुखरेपण

इंग्रजीतल्या ‘टेंडरनेस’चे मूळ लॅटिनच्या ‘तेनेर’ या शब्दात आहे. तेनेर म्हणजे मऊ, नाजूक, कोवळ्या वयाचा. फ्रेंचमार्गे तो तेराव्या शतकात इंग्रजीत रुजला. ‘नेस’ हा प्रत्यय मात्र अस्सल इंग्रजी, आपल्या ‘पणा’सारखा. सरकारी कामांचे टेंडर निराळे. ते लॅटिनच्याच ‘तेंदेरे’वरून, म्हणजे ताणणे, पुढे करणे यावरून आले.

तेनेर कुठून आला, याबद्दल दोन मते आहेत. एक मत त्याला ‘ताणणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूकडे नेते : ताणले की पातळ होते, पातळ ते नाजूक. संस्कृतातला ‘तनु’ आणि ‘तंतु’ त्याच घरातले. दुसऱ्या मताप्रमाणे अक्षरांची अदलाबदल होऊन ‘तेरेन’चा तेनेर झाला. प्राचीन इटलीतले सॅबाइन लोक मऊ वस्तूला ‘तेरेनुम’ म्हणत, अशी नोंद रोमन लेखक मॅक्रोबियसच्या ग्रंथात आहे. ग्रीकमध्येही ‘तेरेन’ म्हणजे कोमल, आणि संस्कृतात याच शब्दाचा भाऊ ‘तरुण’! मला हे मत जास्त पटते. आज तरुण म्हटले की भरदार वय डोळ्यांपुढे येते, पण संस्कृतात कोवळ्या अंकुरालाही तरुण म्हणत. जे नुकते उगवले ते मऊ, म्हणून लगेच दुखावणारे, म्हणून जपायचे. पुढचे सगळे अर्थ इथूनच फुटलेले दिसतात.

मायेचा अर्थ चौदाव्या शतकापर्यंत इंग्रजीत आला होता. 1611 च्या इंग्रजी बायबलातल्या स्तोत्रांत देवाच्या करुणेला ‘टेंडर मर्सीज’ म्हटले आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द ‘रहमीम’, आणि त्याच घरातला ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. फ्रान्समध्ये तर या भावनेचा नकाशाच निघाला. मादलेन द स्क्युदेरी यांच्या 1654 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘क्लेली’ या कादंबरीत ‘तांद्र’ (टेंडरचेच फ्रेंच रूप) नावाचा प्रदेश आहे. नव्या मैत्रीच्या गावाहून निघायचे आणि ओढ, आदर किंवा कृतज्ञता यांपैकी एका नदीकाठच्या तांद्रला पोहोचायचे. ओढीची नदी इतकी वेगवान की काठावर मुक्कामाचे गावच नाही. वाट चुकली तर बेपर्वाईचे सरोवर. मैत्री आणि प्रेम यांच्यामधल्या या मुलखाचा इतका बारकाईने विचार त्या काळात एका बाईने केला, याचे मला फार मोल वाटते.

डॉक्टरांच्या भाषेत शब्दाची दुखरी बाजू टिकली. रुग्ण आपणहून सांगतो ते दुखणे. दाबल्यावर कळते ते टेंडरनेस. 1889 मध्ये न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी अपेंडिक्सच्या दाहात पोट नेमके कुठे दुखरे असते ते दाखवले : उजव्या कमरेच्या हाडापासून नाभीकडे जाणाऱ्या रेषेवर, दीड ते दोन इंचांवर, एका बोटाने दाबून. फायब्रोमायल्जिया या अंगभर दुखण्याच्या आजारासाठी 1990 मध्ये अमेरिकन संधिवाततज्ज्ञांनी 18 जागा ठरवल्या. सुमारे 4 किलोच्या दाबाने त्यांतल्या निदान 11 दुखायला हव्यात, असा निकष होता. 2010 च्या नव्या निकषांत ही दाबून पाहण्याची अट गेली आणि कुठे कुठे दुखते, थकवा किती, झोप कशी, हे रुग्णालाच विचारायचे ठरले.