मूल पुढे गेलं, पण कशामुळे?

दोन वर्षांचं मूल अजून बोलत नाही. उपचार सुरू होतात आणि सहा महिन्यांनी ते दोन-दोन शब्द जोडू लागतं. श्रेय उपचारांचं? असेलही. पण उशिरा बोलणारी बरीच मुलं कसलेही उपचार न होता बरोबरीला येतात. विकासात मागे पडलेल्या मुलांसाठीच्या शीघ्र हस्तक्षेपाचा, म्हणजे लहान वयातच सुरू केलेल्या उपचारांचा, अभ्यास इथेच अडखळतो: मूल तसंही वाढतच असतं. 'आधी असं होतं, आता असं आहे' एवढ्यावरून फार काही सिद्ध होत नाही.

म्हणून तुलनेला दुसरा गट लागतो, आणि कोणतं मूल कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरावं लागतं. निवड पालकांवर सोडली तर वेळ आणि पैसा असलेलेच आधी येतात, आणि घरच्या सुबत्तेचा परिणाम उपचारांच्या नावावर जमा होतो.

अमेरिकेत 1985 मध्ये कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या 985 बाळांवर असा प्रयोग सुरू झाला. एका गटाला तीन वर्षांचं होईपर्यंत गृहभेटी आणि बालकेंद्र मिळालं. तिसऱ्या वर्षी त्यांचा बुद्ध्यांक स्पष्टपणे वरचढ होता. आठव्या वर्षी मात्र जन्मतः 2000 ग्रॅमपर्यंत वजन असलेल्यांत फरक उरला नाही. त्याहून जड मुलांत थोडाच उरला.

मला अधिक बोलका वाटतो तो जमैकाचा अभ्यास. किंग्स्टनमध्ये 1986-87 च्या सुमारास संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी उंची खुरटलेली 129 मुलं घेतली, वय 9 ते 24 महिने. काहींना दुधाचा पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाई आणि मुलाशी कसं खेळायचं, बोलायचं हे आईला दाखवी. खेळणी घरातल्याच वस्तूंची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी आहार आणि खेळ दोन्हींचा फायदा दिसला. पुढे आहाराचा परिणाम पुसला गेला, खेळाचा टिकला: वीस वर्षांनी त्या गटाची कमाई सुमारे 25 टक्क्यांनी जास्त निघाली. सेविका यायची थांबली तरी आई घरातच होती, हे त्यामागचं एक कारण असावं.

मात्र ही मुलं कुपोषणामुळे मागे पडलेली होती. स्वमग्नता किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना हेच निष्कर्ष लावता येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे प्रयोग लागतात, आणि त्यांत मुलांचा इतकी वर्षं मागोवा क्वचितच घेतला जातो.