लाल रक्तपेशीवरील प्रथिने व मोनोक्लोनल प्रतिपिंडे

लाल रक्तपेशीच्या पटलावर कोणती प्रथिने आहेत आणि त्यांची ठेवण कशी आहे, हे शोधण्यासाठी मोनोक्लोनल प्रतिपिंडे (अँटिबॉडी) वापरतात. अशी प्रतिपिंडे एकाच पेशीच्या वंशातून तयार होतात, त्यामुळे ती सगळी प्रथिनावरील एकाच छोट्या जागेला, म्हणजे एपिटोपला, चिकटतात. प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्कपेशी यांच्या संयोगातून झालेल्या हायब्रिडोमा पेशींपासून ती बनवण्याचे तंत्र जॉर्ज कोलर आणि सेसार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे मांडले. त्याआधी सारी भिस्त रुग्णांच्या आणि प्राण्यांच्या रक्तद्रवावर असे. त्यात अनेक प्रतिपिंडांची सरमिसळ असायची आणि साठा संपला की तसाच पुन्हा मिळत नसे.

प्रतिपिंड चिकटले नाही, तर प्रथिनच नाही असे मानणे घाईचे ठरते. रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणारे आरएचडी प्रथिन हे याचे उत्तम उदाहरण. काही व्यक्तींमध्ये त्याचा एखादा भाग बदललेला असतो. याला ‘आंशिक डी’ म्हणतात. वेगवेगळ्या एपिटोपांवरील डी-विरोधी प्रतिपिंडांचा संच लावला, की काही जुळतात, काही जुळत नाहीत आणि त्या नक्षीवरून प्रकार ओळखू येतो. ‘डी सहा’ या आंशिक डी प्रकारच्या व्यक्तीला नेहमीचे डी-पॉझिटिव्ह रक्त दिल्यास तिच्या शरीरात डी-विरोधी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. म्हणून अनेक ठिकाणी रुग्णाच्या तपासणीसाठी हा प्रकार न पकडणारे अभिकर्मक (तपासणीची द्रव्ये) मुद्दाम निवडतात, म्हणजे अशी व्यक्ती डी-निगेटिव्ह धरली जाते.

रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंड नेमके कोणत्या प्रथिनाविरुद्ध आहे, हे ‘माईया’ (एमएआयईए) या चाचणीने कळते. पेशींवर आधी रुग्णाचे प्रतिपिंड आणि उंदराचे मोनोक्लोनल अशी दोन्ही बसवतात, मग डिटर्जंटने पटल विरघळवतात. उंदराचे प्रतिपिंड पकडणाऱ्या प्लेटवर हे द्रावण घातले, की मोनोक्लोनल आपले प्रथिन घेऊन तिथे अडकते. त्याच प्रथिनावर मानवी प्रतिपिंडही असेल, तरच शेवटी रंग उमटतो. मात्र दोन्हींचे एपिटोप अगदी शेजारी असले, तर ती एकमेकांची वाट अडवतात आणि रंग येत नाही. केल या रक्तगटाच्या प्रथिनावरील प्रतिजनांची, म्हणजे प्रतिपिंडे ओळखतात त्या खुणांची, जवळीक या अडथळ्यावरूनही अजमावता आली.

पॅरोक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया या लाल पेशी फुटण्याच्या आजारात मात्र काही प्रथिने खरोखरच गायब असतात, कारण सीडी५५ आणि सीडी५९ या प्रथिनांना पटलावर धरून ठेवणारा जीपीआय हा दुवाच बनत नाही. एकेक पेशी प्रकाशझोतातून नेऊन तपासणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत चमकदार रंग जोडलेल्या प्रतिपिंडांनी अशा पेशींचे प्रमाण मोजतात. रुग्णाला नुकतेच रक्त चढवले असेल, तर दात्याच्या निरोगी पेशींमुळे ते कमी भासते. म्हणून पांढऱ्या पेशीही तपासतात.