उन्हाच्या पेटीतला रंग आणि रांधप

फणसाच्या लाकडाचा भुसा पाण्यात घालून बरणी उन्हाच्या पेटीत, म्हणजे उन्हावर तापणाऱ्या काचेच्या झाकणाच्या खोक्यात ठेवली, की दुपारपर्यंत पाणी मधासारखं होतं. त्यात तुरटी लावलेलं सूत सोडलं, की कडेच्या धाग्यांवर आधी पिवळेपणा दिसतो, मग लडीच्या गाभ्यापर्यंत तो हळूहळू उतरतो. गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या अंगणात हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हापासून ही पेटी मुळात कुठून आली, याचा शोध घ्यावासा वाटला.

सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये झाली. १७६७ साली जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने काचेच्या पेट्या एकात एक बसवून उन्हात ठेवल्या. ऊन काचेतून आत येतं, काळा पृष्ठभाग तापतो, पण त्याची उष्णता काचेतून सहज बाहेर पडत नाही, हे त्याने नीट मोजून पाहिलं. पुढे आतून काळी केलेली पेटी पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर तापली. १८३० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने दक्षिण आफ्रिकेतल्या केपमध्ये अशाच पेटीत अन्न शिजवलं.

आपल्यासाठी मोलाचा दुवा मात्र मुंबईचा आहे. हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम अॅडम्सने आठ आरशांची सूर्यचूल बांधली आणि १८७८ मध्ये मुंबईतच तिच्यावर पुस्तक काढलं. जानेवारीच्या उन्हात सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. उष्ण प्रदेशात इंधनाचा पर्याय म्हणून ऊन वापरावं, हा त्याचा आग्रह होता. त्याचं काम आपल्याकडे विसरलं गेलं, याची मला खरंच खंत वाटते.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात परावर्तकाची, म्हणजे आरशासारख्या पत्र्याने ऊन भांड्यावर एकवटणारी चूल तयार केली, पण ती घराघरात रुजली नाही. अशी चूल दर थोड्या वेळाने सूर्याकडे वळवावी लागते. पेटीला एवढी देखरेख लागत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अॅरिझोनात बार्बरा कर आणि शेरी कोल यांनी साध्या पुठ्ठ्याच्या खोक्याची पेटी घडवली, आणि घरी बनवण्याची वाट मोकळी झाली: दोन खोकी, मध्ये कागदाचे बोळे, आत चांदीचा कागद, वर काच, तळाला काळा पत्रा.

या पेटीची ओळख सगळीकडे स्वयंपाकाची म्हणूनच राहिली. तिथेच तिच्यावर अन्याय झाला, असं माझं मत आहे. फोडणी, भाकरी, रात्रीचं जेवण तिच्याकडून होत नाही, म्हणून ती बाजूला पडते. रंगकामाला मात्र मंद, सारखी उष्णताच हवी असते. मंजिष्ठेच्या मुळ्या उकळल्या तर लाल रंग तपकिरीकडे झुकतो. पेटीत आच हळूहळू चढते, त्यामुळे रंग सांभाळता येतो. काच वेळेवर थोडी उघडली की झालं. सुती धाग्याला आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत भिजवावं लागतं, नाहीतर रंग धरत नाही. आणि आपले उकडे तांदूळ! चुलीवर किती वेळ घेतात, ते सांगायला नको. सकाळी पेटीत ठेवले की ढवळायची गरज नाही, करपायची भीती नाही. फक्त रंगाची भांडी वेगळी ठेवावीत. तुरटी लागलेल्या भांड्यात पुन्हा अन्न शिजवू नये.

गोव्यात उन्हाला कामाला लावणं नवं नाही. मिठागरांत ऊन मीठ पिकवतं. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या साली रसात बुडवून पुन्हापुन्हा वाळवल्या की सोलं होतात. पुरुमेंताची, पावसाळ्यासाठीच्या साठवणीची तयारी म्हणजे उन्हाळ्याचं ऊन पावसासाठी साठवणंच. पेटी त्याच रांगेतली आहे, आणि तिचा हंगामही तोच. जूनमध्ये पाऊस लागला की आमची पेटी माळ्यावर जाते, तोवर सोलंही बरणीत भरलेली असतात.