डार्विनच्या छातीतली धडधड

परीक्षा जवळ आल्या की कोल्हापुरातल्या अभ्यासिकांमध्येही मोबाइलवरून शास्त्रज्ञांची नावं फिरू लागतात: न्यूटन, कॅव्हेंडिश, डार्विन. या सगळ्यांना म्हणे 'अँक्झायटी', म्हणजे चिंतेचा विकार होता. पोरांना धीर येत असेल तर यावा, पण या नावांमागचा पुरावा सारखा नाही.

हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये पृथ्वीची घनता मोजली. घरातल्या मोलकरणींशी बोलावं लागू नये म्हणून तो चिठ्ठी लिहून ठेवायचा. पण मनात काय चाललंय हे त्याने कुठे लिहिलं नाही. मग याला विकार म्हणायचं की कमालीचा बुजरेपणा? न्यूटनचं १६९३ मध्ये मन सैरभैर झालं, झोप उडाली, मित्रांवर संशय येऊ लागला. त्यावर पाऱ्याच्या विषबाधेपर्यंतचे तर्क झाले आहेत.

डार्विनची गोष्ट वेगळी, कारण तो लिहीत होता. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात 'बीगल' जहाज निघायची वाट बघताना त्याची छाती धडधडायची, दुखायची. आपल्याला हृदयविकार आहे अशी २२ वर्षांच्या या पोराची खात्रीच झाली होती. डॉक्टरांकडे मात्र तो गेला नाही. त्यांनी प्रवासाला नको म्हटलं असतं तर? पुढे १८४२ पासून तो डाउन या खेड्यात राहिला. पाहुण्यांशी गप्पा रंगल्या की नंतर थरथर आणि उलट्या ठरलेल्या. १८४९ मध्ये त्याने माल्व्हर्नला थंड पाण्याचे उपचार घेतले आणि रोजच्या तब्येतीची वही लिहायला घेतली. ती १८५५ पर्यंत चालली.

धडधड म्हणजे हृदयच, ही समजूत कोल्हापुरातही पक्की आहे. आधी 'गॅस झाला असेल', मग थेट ईसीजी. तो काढावाच, थायरॉइड आणि रक्तातलं हिमोग्लोबिनही तपासावं. डार्विनच्या डॉक्टरांकडे यातलं काहीच नव्हतं. मनोविश्लेषक फ्रॉइडने चिंतेचा आजार वेगळा काढला १८९५ मध्ये, आणि पॅनिक डिसऑर्डरला, म्हणजे अचानक भीतीचे झटके येण्याच्या विकाराला, मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळाली १९८० मध्ये. डार्विनला तोच विकार असावा, असं दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९९७ मध्ये मांडलं.

दुसरा दावा चागास रोगाचा. १८३५ मध्ये दक्षिण अमेरिकेत डार्विनला तिथल्या पंपास या गवताळ भागातला मोठा काळा ढेकूण चावला होता, आणि तसल्या ढेकणांमुळे हा रोग होतो. नंतरचं पोटाचं दुखणं त्यात बसेलही, पण प्लिमथची धडधड त्याआधीची आहे.